मथुराबाईचे डब्बालु

डालड्याचा डबा संपला की बाकीच्यांच्या घरी तो तुळशीजवळ जातो, नाहीतर संडासात. मथुराबाईच्या घरी मात्र तो कामाला लागायचा. आधी चुलीतली राख, मग चिंचेचं पाणी, मग अंगणातल्या खाटेवर उलटा, तोंड खाली करून उन्हात. संध्याकाळी ती त्यात नाक खुपसायची. वास आला तर पुन्हा राख. वास गेला की झाकणाची कड दगडानं ठोकून बसवायची आणि म्हणायची, "हं, आता हा मानसात आला."

तामसीच्या पुढे आत जे गाव आहे, तिथली ही बाई. माळ्याची. नवरा चंपतराव वांगी-टमाटे पिकवायचा आणि बोलायचा कमी. घरातलं बोलणं सगळं हिच्या वाटणीला आलं होतं. ती रोज सकाळच्या बसनं आदिलाबादच्या बाजारात भाजी घेऊन यायची. त्याच बसनं गावातल्या बाया जिनिंगला कामाला यायच्या, कापूस निवडायला. हंगाम सुरू झाला की बसमध्ये भाज्यांच्या टोपल्यांपेक्षा डबे जास्त दिसायचे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक डबा मथुराबाईच्या हातून गेलेला असायचा.

त्या काळात, म्हणजे नव्वदच्या आसपास, स्टीलचा खणाचा डबा ही मास्तरची आणि तलाठ्याची गोष्ट होती. आमच्या बायांचं जेवण जायचं ते डालड्याच्या पिवळ्या डब्यात, बाळाच्या दूध-पावडरीच्या डब्यात, बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या पेटीत. कुठल्या डब्यात काय जायचं ते मथुराबाई ठरवायची. भाकरी चौकोनी पेटीत, कारण गोल डब्यात दुमडली की मोडते. वरण घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. ठेचा जर्द्याच्या छोट्या डबीत. या जर्द्याच्या डबीवरून तिचं आणि माझं एकदा भांडण झालं. मी म्हणाले, तंबाखूच्या डबीत खायचं देऊ नये. ती म्हणाली, "ठेचा खाल्ल्यावर तुले तंबाखूचा वास येते का जिभीचा जाळ येते, ते सांग आधी." मी गप्प बसले असं कोणी समजू नये, मी बरंच बोलले. पण ठेचा खाऊन पाहिला, आणि वास खरंच नव्हता.

एका गोष्टीत मात्र आम्ही दोघी एका बाजूच्या होतो. कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा. तो दिसायला चांगला, पत्रा जाड, झाकण पक्कं. शेतावरचे गडी त्यात पाणी न्यायचे. मथुराबाईला असा डबा दिसला की ती कोणाला विचारायची नाही. रस्त्यावर आडवा ठेवायची, वर धोंडा टाकायची आणि चपटा करून नालीत फेकायची. एकदा एका मोठ्या कास्तकाराचा डबा असाच चपटा केला, तर तो भांडायला आला. तिनं त्याला सांगितलं, "तुह्या बैलाले पाज यातलं. बैल जगला तर मी नवा डबा देईन." तो बैल घेऊन परत आला नाही.

आता तिच्या बोलण्याची एक गंमत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. आमच्या भागात, तेव्हाच्या आंध्रात, घरी मराठी, कचेरीत तेलगू, बाजारात हिंदी. मथुराबाईला तेलगू येत नव्हतं, पण हे तिला मान्य नव्हतं. तिचं म्हणणं असं की तेलगू म्हणजे मराठीच, फक्त शब्दाच्या शेवटी 'लु' लावायचं. वांगीलु. टमाटेलु. पिशवीलु. आणि बाजारात हे चालून जायचं. गिऱ्हाईक तेलगू, बाई मराठी, मध्ये टमाटा. तो दोघांनाही दिसत असायचा. त्यामुळे तिला खात्री झाली होती की आपण फर्डं तेलगू बोलतो. बसमधल्या बायांनाही ती शिकवायची.

तिची एकच पोर, शकू. शाळेत सातवीपर्यंत गेली, तीही तेलगू शाळेत. तिचं लग्न आदिलाबादेतच झालं. जावई मोतीराम जिनिंगमध्ये फिटर होता. त्याचे वडील उत्तमराव यांचं चौकात सुपारी-तंबाखूचं दुकान. आई मालनबाई, म्हणजे मथुराबाईची विहीण. आमच्याकडे 'ईनबाई' म्हणतात.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मोतीरामनं सासूच्या हातची अंबाडीची भाजी खाल्ली आणि तो कामातून गेला. मथुराबाई रोज बाजारात येतच होती. जिनिंगचं गेट वाटेत. तिनं जावयाला रोज डबा द्यायला सुरुवात केली. आज अंबाडी, उद्या डाळवांगं, परवा तिळाची चटणी लावलेली भाकर. मोतीराम दुपारी तो डबा गेटजवळच्या लिंबाखाली बसून चाटून-पुसून खायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घरी न्यायचा.

आणि तिथून तो डबा परत येत नसे.

पहिल्या महिन्यात मथुराबाईला काही वाटलं नाही. आपल्याकडे रीत आहे, भरून आलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. निदान साखरेची चिमूट, दोन सुपाऱ्या, काहीतरी घालूनच देतात. तिला वाटलं, ईनबाई काहीतरी करून घालत असेल, वेळ लागत असेल. दुसऱ्या महिन्यात ती नवा डबा काढून देत राहिली. दिवाळी गेली. कपाशी फुटली. जिनिंगचा हंगाम तोंडावर आला आणि गावातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, "मथुराबाई, डबा दे." तिनं फळीकडे पाहिलं. फळीवर एक पावडरचा डबा आणि एक बिनझाकणाची बरणी.

"डबे कुठी गेले?" असं चंपतरावनं विचारलं. तो इतकं बोलला म्हणजे परिस्थिती गंभीरच होती.

"पोरीच्या सासरी," मथुराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गेटवर मोतीरामला धरलं. "जावईबापू, डबे काऊन येऊन नाई राह्यले?"

मोतीराम बिचारा नट-बोल्टातला माणूस. तो म्हणाला, "माय ठेवते. माळ्यावर रचून ठेवले. मागतलं का म्हणते, थांब."

"कायले थांबू?"

"ते नाई सांगत जी."

"मंग तिले सांगा, उद्या डबे आले नाई तर मी ठाण्यात जाईन."

हे असं म्हणायचं असतं. आपण सगळेच म्हणतो. जाणारं कोणी नसतं. पण दुसऱ्या दिवशी डबे आले नाहीत, आणि ठाणं भाजीबाजाराला लागूनच होतं. मथुराबाईनं उरलेली टोपली शेजारणीजवळ ठेवली, पदर खोचला आणि आत गेली.

आत जमादार पोचन्ना बसला होता. करीमनगरकडून नुकताच बदलून आलेला. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. तरी बाई दिसल्यावर त्यानं नीट विचारलं, "एमैंदी अम्मा?" काय झालं?

मथुराबाईनं आपलं तेलगू काढलं. हे पुढचं मला तिनंही सांगितलं आणि जमादारानंही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांचं जुळलं.

"मा डब्बालु," ती म्हणाली, "बिड्डा अत्तानं ठेवलु. वापस देत नायलु."

आता तेलगू न येणाऱ्यांसाठी सांगते. 'बिड्डा' म्हणजे लेक, 'अत्ता' म्हणजे सासू. हे दोन शब्द ती बाजारात शिकली होती. आणि 'डब्बुलु' म्हणजे पैसे. तिचं 'डब्बालु' आणि त्याचं 'डब्बुलु', मध्ये एक काना आणि एक उकार. जमादाराच्या कानानं उकार ऐकला. लेकीच्या सासूनं पैसे ठेवून घेतले, परत देत नाही. तो सरसावून बसला.

"एंत?" किती?

हा शब्द तिला पक्का ठाऊक, दिवसभर गिऱ्हाईक तोच विचारतं. तिनं दोन्ही हात पसरले. "मस्तु." म्हणजे पुष्कळ. "पेद्दा बी, चिन्ना बी. अन्नी." मोठे पण, छोटे पण, सगळेच.

जमादाराच्या डोळ्यांपुढे मोठ्या नोटा आणि छोट्या नोटा. त्यानं विचारलं, केव्हापासून?

"लग्नालु झालं तवापासून. रोज. अल्लुडु रोज घेऊन जातलु."

जावई रोज घेऊन जातो. लग्न झाल्यापासून. जमादार उठून उभा राहिला. म्हणाला, तुम्ही बसा अम्मा, आता आम्ही बघतो. तिला पाणी दिलं. चहा मागवला. आणि एक शिपाई घेऊन जीपनं उत्तमरावच्या घरी गेला.

बायांसाठी कचेऱ्या आणि ठाणी पालथी घालणं हेच माझं काम. मला निरोप मिळाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसले होते, आमच्या बायांच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर. एक पोरगी धावत आली. म्हणे, मथुराबाईच्या शकूच्या सासूला हुंड्यात उचललं. माझं डोकं फिरलं. शाळा मी चौथीत सोडली. हुंड्याचा कायदा मी लोकांकडून वाचून घेऊन पाठ केला होता, कलमासकट. पाण्याचा प्रश्न तिथंच ठेवला, होत्या तेवढ्या बायांना उठवलं आणि घोषणा देत ठाण्यात शिरले.

आत मथुराबाई बाकावर पाय वर घेऊन चहा पीत होती.

"ये जयवंता, बस," ती म्हणाली. "सरकार लई चांगलं हाय वं. डब्यासाठी जीप धाडली त्यायनं."

"कशासाठी?"

"डब्यासाठी. माह्या डब्यासाठी."

आता माझ्या जागी कोणीही असतं तरी त्यानं हेच धरलं असतं. दहा वर्षं मी हे पाहत आले होते. बाई रागात ठाण्यात येते, आणि कागद पुढं आला की तिला लेकीचा संसार दिसतो, मग ती म्हणते, मार नव्हता, पाय घसरून पडली; पैसे नव्हते, डबे होते. मी तिच्याजवळ बसले, हात धरला. म्हणाले, "मथुराबाई, घाबरू नको. बयान फिरवायचं नाही. आम्ही आहोत."

"घाबरते कोन?"

"मग खरं सांग. काय मागितलं त्यांनी?"

"मागतलं कायले? मीच देत होती. भरून भरून देत होती."

"पाहा," मी बायांना म्हणाले. बायांनी पुन्हा घोषणा दिली. मथुराबाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती वास न गेलेल्या डब्याकडे पाहते.

तेवढ्यात जीप आली. जीप येण्याआधी तिचा आवाज आला. जमादारानं मालनबाईला विचारलं होतं, "डब्बुलु एक्कडा?" पैसे कुठं आहेत? मालनबाई घाबरलेली, तिला वाटलं, हा डबे विचारून राह्यला. मोतीरामनं सकाळीच ठाण्याचं सांगितलं होतं. तिनं माळ्याकडे बोट दाखवलं. शिपाई वर चढला. वर डबेच डबे, घासून-पुसून, एकावर एक रचलेले. जमादाराला वाटलं, पैसा यात लपवला. त्यानं एक-एक उघडून पाहिला. सगळे रिकामे. म्हणजे आधीच हलवला, असा त्यानं तर्क केला आणि पुरावा म्हणून सगळे डबे जीपमध्ये भरले. त्यात मालनबाईला बसवलं. भर बाजारातून ती जीप अशी खणखणत आली की लोकांना वाटलं, भांड्यांची फेरी आली. भंगारवाला काही अंतर मागं चालत आला म्हणतात.

मागून उत्तमराव पायी, आणि त्याच्या मागून शकू, अनवाणी.

शिपायानं डबे टेबलावर मांडले. पिवळे, निळे, बाळाच्या चित्राचे, बिस्किटाच्या चित्राचे. मथुराबाईचा चेहरा उजळला. ती उठून मोजायलाच लागली होती. तेवढ्यात उत्तमराव दारातून शकूला म्हणाला, आणि हळू म्हणाला म्हणून ते जास्त लागलं, "तुह्या मायनं आमाले बाजारातून चोरासारखं काढलं. आता तू आमच्या घरात पाय ठेवू नको. तिच्यासंगंच जाय."

मथुराबाईचा हात डब्यावरच राहिला.

शकू भिंतीला टेकून उभी राहिली. तिला तेव्हा चौथा महिना होता, हे तिच्याकडे पाहिल्यावर मला समजलं. तिच्या आईला ठाऊकच होतं.

मथुराबाई जमादाराकडे वळली. "सार, डब्बालु आलु. झालं. केस नकोलु. घरी जाऊलु."

जमादार म्हणाला, नाही अम्मा. आता हे लोक तुला दाबणार. एस्सै साहेब, म्हणजे फौजदार, संध्याकाळी इच्चोड्याहून येतील, ते लिहून घेतील, मग कोर्ट. तू भिऊ नको. हे त्यानं तेलगूत सांगितलं आणि मी तिला मराठीत सांगितलं, वर माझ्याकडून दोन वाक्यं जोडून.

"अरे, पन मले डबेच पाह्यजे होते," मथुराबाई म्हणाली.

"डब्यासाठी कोणी ठाण्यात येतं का?" मी म्हणाले.

"मी आली ना."

जमादारानं माझ्याकडे पाहून मान हलवली, मी त्याच्याकडे पाहून हलवली. पोलिसांशी माझं एकमत झाल्याचा तो पहिला आणि आजवरचा शेवटचा प्रसंग.

भिंतीजवळून शकू पुढं आली. तिनं तेलगूत, शाळेतल्या स्वच्छ तेलगूत, जमादाराला सांगितलं, "सार, माझी आई डब्बुलु म्हणाली नाही. डब्बालु म्हणाली."

"अदे कदा," जमादार म्हणाला. तेच तर.

"ते नाही सार. तिला तेलगू येत नाही. ती मराठीला 'लु' लावते."

"कोनाले येत नाई?" मथुराबाई म्हणाली.

जमादारानं टेबलावरचा डालड्याचा डबा उचलून मथुराबाईपुढं धरला. "इदि एंटि?" हे काय?

"डब्बा."

त्यानं दुसरा उचलून शेजारी धरला.

"डब्बालु," ती म्हणाली.

त्यानं डबे ठेवले, खिशातून एक नोट काढली, ती धरली. "मरि इदि?" मग हे?

"रुपयालु," मथुराबाई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "याले कायले दाखवते वं? लाच देते का काय मले?"

जमादार खुर्चीवर बसला. टोपी काढून टेबलावर ठेवली, ती एका डब्यावर बसली आणि तिथंच राहिली. मग तो हिंदीत म्हणाला, "माँ, सरकारी पेट्रोल जलाया मैंने. डब्बे के वास्ते." शिपाई तोंड दाबून बाहेर गेला. माझ्याबरोबरच्या बाया माझ्याकडे पाहत होत्या की आता घोषणा कुठली द्यायची. मी त्यांना पाण्याच्या प्रश्नावर परत पाठवलं.

ठाण्याचं असं मिटलं. शकूचं मिटलं नव्हतं. बाहेर पिंपळाखाली सगळे उभे, डबे खाली मातीत, आणि उत्तमराव एकच वाक्य धरून बसलेला, "जीपमधून नेलं. माह्या दुकानावरून नेलं. गिऱ्हाइकं उभी होती." मी त्याला दोन गोष्टी सुनावायला तोंड उघडलं.

"जयवंता, तू मधी बोलू नको," मथुराबाई म्हणाली. मग ती विहिणीपुढं उभी राहिली. "ईनबाई, माहं चुकलं. ठाण्यात मी याले नाई पाह्यजे होतं. पन एक सांगा, डबे तुमी काऊन नाई धाडले?"

मालनबाई खाली पाहत होती.

"रिकामे धाडले असते तरी चाललं असतं मले."

"रिकामा कसा धाडू?" मालनबाई एकदम म्हणाली. "भरून आलेला डबा कोनी रिकामा धाडते का? आमच्यात तशी रीत नाई."

"मंग भरायचं होतं."

"काय भरू?" तिचा आवाज फुटला. "मोतीराम रोज रातच्याले ताटावर बसते आन म्हणते, सासूबाईची अंबाडी अशी, सासूबाईचं वांगं तसं. माहं वरण बाजूले सरकवते. माह्या हातचं तुमच्या गावात जाईन, तुमी झाकण उघडसान, नाक लावसान. बसमधल्या बाया हासतीन. म्हनून म्हटलं, उद्या चांगलं जमलं का भरू. उद्या भरू. तेवढ्यात दुसरा डबा आला. मंग तिसरा आला."

"हासतीनच," उत्तमराव म्हणाला. "जनम गेला माहा खाऊन."

मालनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो पिंपळाकडे पाहू लागला.

मथुराबाईच्या तोंडाबद्दल गावात जे म्हटलं जायचं ते खोटं नव्हतं. कोणाच्या भाजीला ती कधी बरं म्हणाली नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला बोलावून घेऊन सांगायची की तुझी कढी नासली आहे. बायांचे डबे तिच्याच हातचे असल्यामुळे ती ते हक्कानं उघडायची आणि आत काय चुकलं ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगायची. हे शकूच्या सासरपर्यंत पोचलं होतं.

"चला घरी," मालनबाई म्हणाली. "आज भरते. काय व्हायचं ते होऊ द्या."

उत्तमराव म्हणाला, "चला. पन एक ऐकून ठेवा. ही बाई माह्या घरात बसून माह्या बायकोच्या जेवणाले हासली, नाक मुरडलं, शब्द बोलली, तर पोरगी आज तिच्यासंगं तामसीच्या बसमधी बसन. मंग मोतीरामनं डोकं फोडून घेतलं तरी मी ऐकनार नाई."

आम्ही डबे उचलून निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले.

मालनबाईनं चूल पेटवली. शकू मदतीला उठली तर तिला हातानं थांबवलं. वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. ती मीठ घालत होती तेव्हा मी पाहत होते. एकदा घातलं, मग आठवेना घातलं का नाही, म्हणून परत घातलं. मी उत्तमरावकडे पाहिलं; त्यानंही पाहिलं होतं. भाजी खाली करपत होती आणि वरून कच्ची होती, ही कला मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेली नाही.

ताट वाढलं. मथुराबाई पाटावर बसली. सगळे उभे. शकू चौकटीत, दोन्ही हात पदरात. मोतीराम जिनिंगमधून धावत आला होता, तेलाचे हात तसेच.

मथुराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड चालायचं थांबलं. नाक, जे डब्यात खुपसायची ते नाक, एकदा हललं. मी म्हटलं, गेली शकू. उत्तमराव एक पाऊल पुढं आला. मथुराबाईनं चावलं. गिळलं. गळ्याखाली उतरताना दिसलं. दुसरा घास घेतला, पहिल्यापेक्षा मोठा. तोही खाली गेला. तिसरा. वरणात हात घातला, वरण ओरपलं. ताट पुसून काढलं, अगदी मोतीराम लिंबाखाली पुसायचा तसं, आणि ते ताट विहिणीपुढं धरलं.

"ईनबाई," ती म्हणाली, "वांगं अजून थोडं वाढा. आन डब्यात भरताना हात आखडू नका. आमच्या बाया उद्या कामावर नेतीन."

मालनबाई जागची हलेना. मग तिनं डाव उचलला आणि वाढलं. वाढताना तिनं पदरानं नाक पुसलं. उत्तमरावनं कढईत बोट बुडवून चाखलं, मथुराबाईकडे पाहिलं, परत चाखलं. मग तो शकूला म्हणाला, "उभी काऊन हायस चौकटीत? मायले पानी दे."

मथुराबाईनं तांब्या एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला नाही. मागितला असता तर लोकांना समजलं असतं.

बसस्टँडवर मी तिला सोडायला गेले. टोपलीत भरलेले डबे, सगळे जड. ती सरळ नळाशी गेली, ओंजळ लावली आणि पीत राहिली. तामसीची बस लागली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, ती पीतच होती. शेवटी तोंड पुसून बसमध्ये चढली, खिडकीशी बसली.

मी खालून विचारलं, "खरं सांग, कशी होती भाजी?"

"तुले काय करायचं?" मथुराबाई म्हणाली. "पोरगी घरात हाय ना."